छापण्यास हरकत नाही

विद्यापीठाच्या संशोधन-पत्रिकेची मुद्रितं तपासणाऱ्या काकूंना घरीही स्वस्थता नसे. साखरेच्या पुडीवरची वेलांटी चुकलेली दिसली, तरी त्या नवऱ्याला हाक मारून दाखवत. "मग काय, साखर खारट लागणार?" तो विचारी.

यंदा मात्र काकूंचं लक्ष कशातच नव्हतं. पिकांच्या रोगांवरची ती पत्रिका सरकारी अनुदानावर चाले, म्हणून कुणालाही फुकट वाचता येई. ते अनुदान रखडलं होतं आणि एक प्रकाशन कंपनी पत्रिका घ्यायला टपून बसली होती. कंपनी आली तर काकूंची नोकरी टिकणार, पण वाचणाऱ्याला पैसे मोजावे लागणार. काकूंची लेक आडगावच्या कॉलेजात शिकवायची.

"आई, आमच्याकडे खडूची मारामार. पत्रिका कोण विकत घेणार? माझ्या पोरांनी वाचायचं काय?"

लेकीचं खरं होतं. नवरा घरी बसलेला, नोकरी गेली तर चूल पेटायची कशी, हेही खरं होतं. इकडे आड, तिकडे विहीर.

संपादक भला माणूस. त्यांनी कराराचा मसुदा काकूंच्या टेबलावर ठेवला. "वाचा आणि काय वाटतं ते लिहा. तुमच्या मताशिवाय मी सही करणार नाही."

काकूंनी वाचायला घेतलं, पण डोळ्यांना ऱ्हस्व-दीर्घच दिसत गेलं. चुका सुधारल्या, खाली नेहमीचा शेरा मारला, 'छापण्यास हरकत नाही', आणि कागद शिपायाबरोबर धाडून दिला. जिना उतरताना त्यांच्या लक्षात आलं, आपण करारालाच होकार देऊन बसलो. सवयीने हात चालला की मनानेच डाव साधला, देव जाणे.

त्या धावत वर गेल्या. संपादकांनी पेन उघडलं होतं.

"तुमची हरकत नाही हे वाचलं आणि जीव भांड्यात पडला, काकू. मला वाटलं, लेकीसाठी तुम्ही नको म्हणाल."

"साहेब, तो शेरा..."

"काय?"

काकूंनी मसुद्यावर बोट ठेवलं. "शेऱ्याच्या वरच्या ओळीत एक अनुस्वार राहिलाय."

संपादकांनी अनुस्वार दिला आणि सही केली.

संध्याकाळी लेकीचा फोन आला.

"झाली सही," काकू म्हणाल्या.

"आणि कुणी अडवलं नाही?"

"नाही गं. कुणीच नाही."