टाकोवालीच्या खिशातली किल्ली

टाकोवाली फरशीवर पालथी पडली होती आणि किल्ली तिच्या एप्रनच्या खिशात होती. मी तिला उताणी करायला बघत होते. बाई अंगानं भरलेली, माझे गुडघे गेलेले. हाक मारली तर हूं नाही की चूं नाही. माझंही डोकं कोणी उखळात घालून कुटावं तसं ठणकत होतं. हातात मात्र तिनं भाकऱ्या झाकायचं फडकं घट्ट धरलं होतं. ते काही सुटेना.

ती मेक्सिकोची. आमच्या गावात, जुन्या पुलाच्या तोंडाशी, तिचं टाकोचं दुकान होतं. पुलाच्या अलीकडे वेल्स, पलीकडे इंग्लंड. माझा मुलगा कार्डिफच्या हॉस्पिटलात नोकरीला आहे, म्हणून मी इथं. टाको म्हणजे तळहाताएवढी मक्याची पातळ भाकर, तिच्यात शिजवलेलं मटण, वरून कांदा, कोथिंबीर, लिंबू. सगळं आपलंच, नाव तेवढं तिचं. माझी नात निया पहिल्यांदा घेऊन गेली तेव्हा टाकोवालीनं मला एक टाको फुकट दिला. मी खाल्ला नाही. मी ज्या घरात वाढले त्या घरच्या हातचं पाणी गावातले लोक पीत नसत. त्यामुळे कोणाच्या हातचं खायला मला अडचण नाही. पण फुकट देणाऱ्याचा मला संशय येतो.

तो वाढलाच. एकदा मागच्या अंगणात डोकावले तर ही मोठ्या पातेल्यात मका शिजवतेय आणि वर पांढरी पूड टाकतेय. काय म्हणून विचारलं तर चुना. मी म्हटलं, "लोकांना मारतेस काय?" ती म्हणाली, "आजी, निया सांगते तुम्ही पानाला चुना लावता. तुम्ही कुठे मेलात?" तिचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून. त्यामुळे आमचं भांडण नीट व्हायचं. चुन्यानं मक्याचं साल सुटतं, मग पीठ चिकट होतं, असं तिनं दाखवलं. पटलं. पण त्यानंतर मी रोज जाऊन बघायची, आणखी काय काय टाकते म्हणून.

दुकानात खुर्ची नव्हती. सगळ्यांनी उभ्यानं खायचं. "बसलेला माणूस बोलतो, टाको गार होतो," म्हणायची. माझ्यासाठी मात्र मागच्या दाराशी मक्याचं पोतं आडवं टाकून ठेवायची. मी त्यावर बसून कोथिंबीर निवडायची. रिकामं बसून दुसऱ्याचं काम बघणं मला जमत नाही.

तिचं माहेरचं गावही सरहद्दीवरचं. रस्ता ओलांडला की अमेरिका. "सरहद्द धंद्याला चांगली," ती म्हणायची, "दोन्हीकडचे लोक उपाशी, आणि दोन्हीकडच्यांना वाटतं आपण शूर." पुलापलीकडचा कोणी आला की त्याला सांगायची, काल एक वेल्सवाला ही चटणी खाऊन रडला. वेल्सवाला आला की सांगायची, इंग्रज रडला. चटणी एकच. दोघेही जास्त मागून घ्यायचे आणि दोघेही रडायचे. मी म्हटलं, "तू दोन्हीकडे खोटं बोलतेस." ती म्हणाली, "रडले तर खरंच ना आजी."

मग कोणीतरी कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, तक्रार केली. धूर येतो, वास येतो. कौन्सिलचा माणूस नाक वर करून दुकानाभोवती फिरून गेला. पुन्हा तक्रार आली तर दुकान बंद, असं बजावून गेला. तक्रार कोणाची ते काही सांगेना. टाकोवालीनं खिडक्यांच्या फटींना टेप लावली, भिंतीतल्या हवेच्या जाळ्यांत ओली फडकी कोंबली. आणि मला "आजी" म्हणायचं सोडून "मॅडम" म्हणू लागली.

मला समजलं. बसस्टॉपवर मी चारचौघांत बोलले होते की हिच्या धुरानं माझी लुगडी वास मारतात. मी तोंडावर बोलते, मागेही बोलते, पण कौन्सिलला कळवायचं तर मला फॉर्मही भरता येत नाही. कोणी केली ते अजून कळलेलं नाही. दुकानाच्या वरच्या मजल्यावरच्या बाईवर माझा संशय आहे, पुलाजवळच्या चिप्सवाल्यावर आहे, आणि खरं सांगायचं तर सुनेवरही आहे, तिला माझं तिथं जाणं आवडत नव्हतं. पण न केलेली गोष्ट माझ्या नावावर नको. म्हणून त्या सकाळी मी गेले.

रात्रीपासून वादळ होतं, वीज गेलेली. पुढचं शटर विजेवर चालायचं, ते उघडेना. मी मागून गेले. दुपारी रग्बीची मॅच, लोक येणार, म्हणून हिनं अंगणातली कोळशाची शेगडी आत आणून पेटवली होती. धूर ओढणारा पंखा बंद. मी म्हटलं, "दार उघडं ठेव. आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवतात, पण दाराला फट ठेवून. शेगडी माणूस खाते."

"दार उघडलं की वास बाहेर, वास बाहेर गेला की तो माणूस येणार," ती म्हणाली. "तेच हवंय ना मॅडम तुम्हाला?"

मी उठून दार उघडलं. तिनं लावलं. मी परत उघडलं. तिनं लावून किल्ली फिरवली आणि खिशात टाकली.

"आता बोला," म्हणाली.

"तक्रार मी केली नाही."

"सगळे तेच म्हणतात."

"सगळ्यांचं मला सांगू नकोस. मी केली नाही."

ती शेगडीवर वाकून भाकऱ्या उलटत राहिली. मी पोत्यावर बसून तेच तेच सांगत राहिले. थोड्या वेळानं म्हणाली, डोकं दुखतंय, तुम्ही फार बोलता मॅडम. माझंही दुखत होतं. मी म्हटलं, किल्ली दे. ती माझ्याकडे वळली, आणि पडली.

किल्ली सापडली. कुलूप कसं उघडलं ते आठवत नाही. अंगणात पावसात पडले होते, तिथं शेजारच्या न्हाव्यानं मला पाहिलं आणि तो आत धावला. पुढचं सगळं मला मुलानं सांगितलं.

तिची बहीण मेक्सिकोहून आली. मी नियाला बरोबर घेऊन गेले आणि तिला सांगितलं की तक्रार मी केली नव्हती. ती माझा हात थोपटत "ओके, ओके" म्हणाली, म्हाताऱ्या माणसाला म्हणतात तसं. नियानं तिच्या भाषेत पुन्हा सांगितलं, फोनमध्ये बघून. तेव्हाही ती तेच म्हणाली.

त्या सकाळी दुकानात आम्ही दोघीच होतो. मी वाचले.