बाबांनी दिलेला नकार

स्नेहसंमेलनानंतर नातीच्या चेहऱ्यावरचा रंग खोबरेल तेलानं पुसत होते. त्या वासासरशी कुरुंद्याचं आमचं अंगण आठवलं. गावात नाटक असलं की बाबा लेकरांचे चेहरे रंगवायचे आणि मग असेच पुसायचे.

बाबा धारवाडकडचे, नाटक कंपनीतले नट. कंपनी वसमतला मुक्कामाला असताना त्यांचं आईशी लग्न झालं आणि ते कुरुंद्यातच राहिले, हळद शिजवायच्या कामाला लागले. रंगमंचावर त्यांची मराठी शुद्ध असायची, घरी मात्र कानडी वळणाची.

मी आठ वर्षांची असताना एका दुपारी कंपनीचे मालक घरी आले. म्हणाले, "नवं नाटक बसवतोय. राजाचं काम तुमचंच. चला."

बाबांनी आईकडे पाहिलं. ती हळकुंडं वाळत घालत होती. मान वर न करता म्हणाली, "जायचं तर जावा. आमी राहू बराबर."

मला वाटलं, त्यांनी जावं. मला त्यांना मुकुटात बघायचं होतं.

 बाबा मालकांना म्हणाले, "आमचा हळद अजून शिजला नाही. तुम्ही चहा घ्या."

मालक गेल्यावर त्यांनी आईला विचारलं, "जावा काहून म्हणाली?"

"थांबा म्हणले असते, तर तुझ्यापायी थांबलो म्हणून जल्मभर ऐकवलं असतं तुमी."

बाबा हसले आणि कामाला गेले. मला तेव्हा आई कठोर वाटली होती आणि बाबा भित्रे. पुढं ते मरेपर्यंत कुरुंद्यातच राहिले. तसं त्यांनी तिला एकदाही ऐकवलं नाही.