आंबिलीचे पाच चमचे

खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी देवीवर रुसले होते. आमचं गाव राहुरीपासून आत, कालव्याच्या कडेला. देवीचं देऊळ लहानसंच, पण गावातली एकही गोष्ट तिला विचारल्याशिवाय होत नाही. इतक्या वर्षांत तिच्या नैवेद्यात मी कधी कसूर केली नव्हती, आणि तिने माझ्या नवऱ्याला नगरच्या दवाखान्यात, आयसीयूतल्या खाटेवर नेऊन निजवलं होतं. साध्या तापाचं निमित्त झालं, तापाचा न्यूमोनिया झाला, आणि दोन दिवसांत श्वासासाठी त्यांच्या घशात नळी घालावी लागली. अकरा दिवस ती नळी होती आणि अकरा दिवस हे एक शब्द बोलले नाहीत. आमच्या ह्यांना जे ओळखतात त्यांना यातलं दुःख वेगळं सांगायला नको. हे कृषी विद्यापीठाच्या शेतावर मुकादम होते. या बांधावरून त्या बांधाला हाका मारण्यात जन्म गेला, त्यामुळे घरात जेवताना मीठ मागितलं तरी शेजारचे उठून बसायचे.

मी स्वभावाने खाऊ घालणारी बाई. दुसरं काही मला धड येत नाही. जप करायला बसले की डोळा लागतो, पोथी वाचताना ओळ सुटते, पण कुणाला काय आवडतं ते माझ्या पक्कं लक्षात राहतं. माझी मायाही ताटातून आणि माझी भक्तीही ताटातूनच. आयसीयूत सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं आत सोडायचे. तिथे मी रिकाम्या हातांनी उभी राहायची आणि मला माझ्याच हातांची लाज वाटायची. म्हणून गावाहून येणाऱ्याच्या हाती मी देवीचं तीर्थ मागवून घेतलं होतं, औषधाच्या धुतलेल्या छोट्या बाटलीत. रोज त्यात बोट बुडवून ह्यांच्या कपाळाला लावायची आणि मनात म्हणायची, बाई, आता पुरे कर.

बाराव्या दिवशी, मंगळवारी, नळी काढली. हे आपल्या आपण श्वास घेऊ लागले. मी आत गेले तर डोळे उघडून माझ्याकडे बघत होते. ओठ हलवून काहीतरी म्हणाले, आवाज नुसता वारा. मला एवढं रडू आलं की नर्सने जे सांगितलं ते मी अर्धंच ऐकलं. ती म्हणाली, "तोंडाने काही द्यायचं नाही बरं का, पाणीसुद्धा नाही. जेवण नाकातल्या नळीने चालू आहे." खाटेवर पाटीही लावली होती. मी मान डोलावली.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना तीर्थ पाजलं. आज लिहितानाही माझा हात थांबतो, पण तेव्हा माझ्या मनात जराही किंतु नव्हता. आमच्याकडे निर्जळी उपास असला तरी तीर्थ घेतात. तीर्थ घेतल्याने उपास मोडत नाही, कारण ते खाणंही नाही आणि पिणंही नाही. मग दवाखान्याच्या उपासाला तरी ते कसं चालणार नाही, असा माझा सरळ हिशेब. नर्स पलीकडच्या खाटेकडे वळली तशी मी एक चमचा त्यांच्या ओठांतून आत सोडला. ते खोकले नाहीत. नुसतं डोळ्यांत पाणी आलं, आणि मला वाटलं, भक्तीनं आलं. संध्याकाळी आणखी एक चमचा. गुरुवारी दोन. बारा दिवसांनी नवऱ्याच्या तोंडात माझ्या हातचं काही गेलं, या आनंदात त्यांचा आवाज ओला, गुरगुरल्यासारखा होत चाललाय हे मला दिसलं नाही. गुरुवारी रात्री ताप आला, तरी मी तो नळ्यांच्या नावे टाकून मोकळी झाले.

शुक्रवारी सकाळी चमचा आत गेला आणि ठसका लागला. ठसका कसला, जीव उलटापालटा झाला. चेहरा काळवंडला, डोक्यावरच्या यंत्रातला आकडा भराभरा खाली येऊ लागला, कसलीशी घंटा वाजायला लागली. मला बाहेर काढलं. काचेतून मला नुसत्या पाठी दिसत होत्या. थोड्या वेळाने डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "एकदम ऑक्सिजन उतरला. कशामुळे ते बघतोय. हृदयाचं काही आहे का, रक्ताची गुठळी आहे का, ते तपासावं लागेल. नाहीच सावरले तर पुन्हा नळी घालू." पुन्हा नळी घातली तर या वयात ती सहज निघेल असं नाही, हेही त्यांनी मृदूपणे सांगितलं.  माझ्या ओच्यात ती बाटली होती.

मला कळलं होतं. तरी मी बोलले नाही. बोलले असते तर सगळ्या गावात झालं असतं, बायकोनेच घोट पाजून घोटाळा केला. मुलगा सुप्याला कंपनीत होता, त्याला तोंड कसं दाखवायचं? आणि देवीचं तीर्थ बाधलं असं आपल्याच तोंडाने कसं म्हणायचं? जिन्याजवळच्या बाकावर मी बाटली मुठीत धरून बसले होते. तिथे फरशी पुसणारी एक मावशी होती, पाथर्डीकडची, वयाने माझ्याएवढीच. तिच्याशी माझं तोवर कधी बोलणं झालं नव्हतं. तिने माझ्या मुठीकडे बघितलं, फडकं बादलीत पिळलं आणि खाली बसली.

"ताई, पाजलंत व्हय?"

मी मूठ पदराखाली घेतली.

"माज्या सासूला मीबी चा पाजला हुता," ती म्हणाली. "लई वरीस झाली. सांगितलं न्हाई कुनाला. आजून गळ्यात आडकल्यालं हाय माज्या. तुमी सांगून टाका. त्येंना ठावं नसलं तर ते भलतीकडंच हुडकत बसत्याल."

तिने माझं कोपर धरून मला उठवलं. डॉक्टरांच्या दारापर्यंत आली आणि तिथून फडकं घेऊन पुढच्या खोलीत निघून गेली. मी आत जाऊन टेबलावर बाटली ठेवली आणि सगळं सांगितलं, चमच्यांची गणतीसुद्धा. मला वाटलं होतं ओरडतील. डॉक्टर बाटली हातात घेऊन म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. आता आम्हाला नेमकं कळलं." लगेच त्यांनी फोन करून औषध बदलायला सांगितलं. मग मला समजावलं की इतके दिवस नळी राहिली की घसा बधिर होतो, गिळायचं विसरतो. आपल्याला वाटतं पोटात गेलं, पण ते श्वासाच्या वाटेने फुफ्फुसात उतरतं. आणि कित्येकदा माणूस खोकतही नाही. त्यातही पाणी सगळ्यात वाईट, कारण ते पळतं आणि घसा तर अजून पांगळा. म्हणजे ह्यांच्या डोळ्यांतलं ते पाणी भक्तीचं नव्हतं. ते गुदमरत होते आणि मी हात जोडत होते.

गिळणं तपासणाऱ्या एक थेरपिस्ट बाई पुण्याहून दर सोमवारी येत. त्या आठवड्यात सोमवारी त्यांना बरं नव्हतं म्हणून त्या नेमक्या शुक्रवारी आल्या होत्या, आणि आम्ही बोलत असताना खालच्या मजल्यावर होत्या. हा योगायोग की देवीची करणी, यावर मी वाद घालत नाही. आल्या होत्या एवढं खरं. माझ्या मुलाच्या वयाच्या असतील. संध्याकाळी हे जरा स्थिरावल्यावर त्यांनी ह्यांच्या गळ्यावर बोटं ठेवून नुसती थुंकी गिळायला सांगितली. हे प्रयत्न करत राहिले, गळ्यातलं हाड हललंच नाही. मग त्यांनी व्यायाम शिकवले. जीभ टाळूला दाबायची, जोर लावून खोकायचं, कोरडंच गिळायचं, दिवसातून कितीदातरी. मला म्हणाल्या, "आजी, तुमचं काम सगळ्यात अवघड. आठ दिवस काहीही द्यायचं नाही. मी पुढच्या शुक्रवारी येऊन बघते."

मी गावी गुरवाला फोन केला आणि रडत रडत म्हटलं, आता तीर्थ पाठवू नका. तो म्हणाला, "वैनी, मंग तुमच्या वाटनीचं मी तुळशीला घालीत जाईन. दादा बरे झाल्याव हितं येऊन घेत्याल. देवीला काय घाई हाय?"

ते आठ दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात लांब दिवस. हे हाताने पाणी मागायचे, ओठांना चिरा पडलेल्या, आणि मी ओला कापूस फिरवून मान हलवायची. एकदा रागावून त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी त्यांना पाण्याला नाही म्हणेन असं आम्हा दोघांनाही कधी वाटलं नव्हतं. व्यायाम करून घ्यायला आता मला जास्त वेळ आत बसू देत. मी खाटेशेजारी बसायची आणि देवीला म्हणायची, मला काहीतरी करू दे. मग हळूहळू तेही म्हणेनाशी झाले. नुसतं त्यांच्याबरोबर मीही कोरडं गिळायची. ते एकदा, मी एकदा. बघणाऱ्याला आम्ही दोघं वेडगळ वाटलो असू.

पुढच्या शुक्रवारी त्या बाई आल्या आणि आल्या आल्या त्यांचा चेहरा पडला. पाणी घट्ट करायची पावडर त्या पुण्यातच विसरल्या होत्या. पहिला घास घट्टसर, एकसारखा, ओघळता हवा, त्याशिवाय त्या तपासणी करणार नव्हत्या. म्हणजे आणखी आठ दिवस. तोवर ताकद राहिली नाही तर जेवणासाठी पोटातून नळी घालायचं डॉक्टर बोलून गेले होते. मी खाली बसले. इतक्यात माझी धाकटी जाऊ डबा घेऊन दारात.

"आक्का, आज आपली पाळी हुती," ती म्हणाली. "तुमी न्हाई म्हनून मीच निवद केला."

आमच्या गावात दर शुक्रवारी देवीला आंबिलीचा नैवेद्य असतो, आणि तो घरोघर पाळीने येतो. माझी पाळी मी जन्मात पहिल्यांदा विसरले होते. जावेने ज्वारीच्या पिठाची, ताकातली आंबील केली होती आणि नैवेद्य दाखवून उरलेली माझ्यासाठी आणली होती. ह्यांच्या घशाचं तिला काहीच ठाऊक नव्हतं. थेरपिस्ट बाईंनी सहज डब्यात डोकावलं. चमचा बुडवून तिरका केला. आंबील सावकाश, एका धारेने ओघळली. त्यांनी पुन्हा तसंच करून बघितलं. कॅन्टीनमधून गाळणी मागवून ती गाळली, स्वतः जिभेवर घेऊन चाखली आणि म्हणाल्या, "हेच हवं होतं मला."

ह्यांना ताठ बसवलं, हनुवटी छातीकडे घ्यायला सांगितली. चमचा त्यांनी माझ्या हातात दिला. मी तो परत करू लागले. त्या म्हणाल्या, "तुम्हीच द्या. मी आहे ना." आणि माझ्या दुसऱ्या हाताची दोन बोटं त्यांनी ह्यांच्या गळ्यावर टेकवली. मी अर्धा चमचा दिला. काहीच झालं नाही. हे थांबले, डोळे मिटले, सगळं बळ एकवटलं, आणि माझ्या बोटांखाली ते हाड वर गेलं आणि खाली आलं. ठसका नाही. यंत्रातला आकडा जागचा हलला नाही. मी देवीच्या पायाला आजवर इतक्यांदा हात लावलाय, पण देवी अशी हाताला लागली ती तेवढ्या एकाच वेळी.

पाच चमचे झाले. हे माझ्याकडे बघत होते. फाटक्या, बारीक आवाजात म्हणाले, "मीठ न्हाई यात."

नैवेद्य चाखून करत नाहीत, त्यामुळे मीठ कधीकधी राहतंच. जाऊ पदर तोंडाला लावून रडायला लागली, आणि मी इतक्या दिवसांनी हसले. मग त्यांनी तोंड उघडलं. आणखी हवं होतं. अकरा दिवस नळी, त्यावर हे दहा दिवस, आणि भुकेलं तोंड माझ्यासमोर उघडलेलं. डब्यात आंबील भरपूर होती. थेरपिस्ट बाई हळूच म्हणाल्या, "आज पाचच."

आता हे घरी आहेत. भाकरी आमटीत कुस्करून, मान खाली घालून, सावकाश जेवतात, आणि जेवताना बोलायचं नाही या एका नियमावरून माझ्याशी रोज भांडतात. त्या मावशीला भेटायला मी मुद्दाम नगरला गेले होते. माझे दोन्ही हात धरून तिने मला त्याच बाकावर शेजारी बसवून घेतलं. गावात बायका विचारतात, देवीला काय नवस बोलली होतीस? मी कुठलाच नवस बोलले नव्हते. मी भरवून भरवून जगलेली बाई. त्या दिवशी माझं माणूस तोंड उघडून बसलं होतं, आणि मी चमचा खाली ठेवला. तो ठेवायला जे बळ लागलं ते माझं नव्हतं.