सिग्नलसरांची मुलगी

माझा धाकटा भाऊ मुलांना स्वतः विचार करायला शिकवतो. म्हणजे काय विचार करायचा ते तो आधी सांगतो, मग मुलं तो स्वतः करतात. या तासाला शाळेत ‘स्वयंनियमन’ म्हणतात. मी शेजारच्याच वर्गात चित्रकला शिकवते, त्यामुळे हा तमाशा मला रोज फुकटात ऐकायला मिळतो. “थांबा! बघा! ठरवा! करा! तपासा!” सगळा वर्ग एका सुरात ओरडतो. ‘थांबा’ हा शब्द इतक्या घाईनं ओरडलेला मी दुसरीकडे कुठं ऐकलेला नाही.

मुलांनी त्याचं नाव ‘सिग्नल’ ठेवलंय. त्याला वाटतं, शिस्तीमुळे. खरं कारण त्याचा चष्मा. उत्तर बरोबर वाटेनं निघालं की तो चष्मा कपाळावर चढवतो. चुकलं की चष्मा नाकाच्या शेंड्यावर येतो. काढून पुसायलाच लागला, तर समजावं, गाडी पार खड्ड्यात गेली. हे त्याचं त्याला ठाऊक नाही. स्वतःच्या सवयींकडे लक्ष कसं द्यावं यावर मात्र तो तासभर बोलू शकतो. मुलं बेरकी. निम्मं उत्तर द्यायचं, चष्मा बघायचा, वाक्य वळवायचं. वर्गाची प्रगती डोळ्यांत भरण्यासारखी होती.

अपवाद एकच, आणि तोही घरचा. त्याची मुलगी त्याच वर्गात, शेवटच्या बाकावर बसायची. तिला घरीदारी सगळे घुमी म्हणत, कारण काही विचारलं की ती मान खाली घालून बसे. चष्मा वर जावो नाहीतर खाली, हिच्या आपल्या वहीत रेघोट्या चालूच. उत्तर यायचं, पण तास संपता संपता.

“दिव्याखाली अंधार, ताई,” भाऊ म्हणाला. “एकदा परीक्षण होऊ दे, मग तिला कच्च्या तुकडीत घालतो.”

“पोरगी आहे की मडकं, कच्चं म्हणून बाजूला ठेवायला?” मी भडकले.

“तिथं निदान तिला कुणी घाई करणार नाही गं.” हे तो मायेनंच म्हणाला, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. कच्च्या तुकडीत गेलेलं पोर परत वर आलेलं मी पाहिलेलं नाही. फळ्यावरचं वहीत उतरवायचं, एवढाच तिथला अभ्यास.

परीक्षणाला शिक्षण कचेरीतून एक बाई येणार होत्या. एका ठिकाणी शिकलेलं मुलं दुसरीकडे वापरतात का, हे त्यांना बघायचं होतं. ते जमलं तर भाऊ सगळ्या शाळांचा मार्गदर्शक होणार होता. म्हणून त्यानं वर्गाकडून अनपेक्षित प्रश्न आधीच घोटून घेतले. त्या दिवशी घुमीला जरा ताप आला तर बरं, असंही सुचवून पाहिलं. मी तिला हाताला धरून शाळेत आणली.

परीक्षकबाईंनी आल्या आल्या भावाला वर्गाबाहेर बसवलं आणि मला आत थांबवून घेतलं. मग फळ्यावर लिहिलं: मधल्या सुट्टीत पाण्याच्या नळावर भांडणं होतात, काय कराल?

सगळ्या माना दाराकडे वळल्या. दारात चष्मा नव्हता. क्षणभर वर्ग पोरका झाला. मग पहिल्या बाकावरच्या एकानं बाईंच्या हातातलं पेन हेरलं.

“रांग लावू...” पेन हललं नाही. “पण नुसती रांग लावून काय उपयोग?” पेन कागदाला टेकलं. “आधी सगळ्यांशी बोलायला पाहिजे!” पेन धावायला लागलं.

एकेक करत सगळा वर्ग पेनामागं धावला. इथं शिकलेलं तिथं वापरण्याचा इतका चोख नमुना बाईंनाही कुठं मिळाला नसता. त्यांचा चेहरा नुसता फुलला होता.

शेवटी घुमीची पाळी आली. “मी खाली जाऊन नळ बघून येऊ?”

बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. घुमी मात्र निघालीसुद्धा. खाली लहान वर्गांची सुट्टी चालू होती. ती परत आली आणि म्हणाली, “पाणी पिणारी मुलं थोडीच आहेत. बाकीची डबे धुतात, त्यात वेळ जातो. डब्यांसाठी वेगळी बादली ठेवली तर? पण ती भरणार कोण, ते अजून सुचलं नाही.”

पेन थांबलं. “फळ्यावरचा प्रश्न वाच बघू पुन्हा,” बाई म्हणाल्या.

“फळ्यावरचं मला दिसत नाही. शेजारची सांगते.”

“आणि माझा चेहरा?”

“आहे, एवढं कळतं.”

घरानं जिला मठ्ठ ठरवलं, तिला बिचारीला सिग्नलच दिसत नव्हता. म्हणून तर ती विचार करत बसायची!

भाऊ मार्गदर्शक झाला. बादलीचं श्रेयही त्यालाच मिळालं. पण खोटं कशाला बोलू, घुमीला जवळ घेऊन तो ढसाढसा रडला. कच्च्या तुकडीचं नाव पुन्हा काढलं नाही, आणि त्याच आठवड्यात तिला चष्मा करून आणला.

चष्मा आला त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे होते. भावानं लाडात विचारलं, “घुमे, आपल्या जिन्यातला दिवा दिवसाही चालूच राहतो. काय करावं?”

घुमीनं मान खाली घातली. “आधी बघायला पाहिजे, बटण कुठं...” बोलता बोलता तिनं वर पाहिलं. बापाचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता. ती अडखळली. “म्हणजे... पाटी लावू?” चष्मा कपाळावर चढला. “मोठ्या अक्षरांत पाटी लावू!”

भावानं चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. “बघितलंस, ताई? चष्मा लागला आणि पोरगी कशी तरतरीत झाली!”

माझा जीव तुटला. मी हात लांब केला आणि चष्मा काढून घेतला. बापाचा.

“ताई, काय करतेस? मला काही दिसत नाहीये!”

“छान. आता जरा विचार कर.”

घुमीनं त्याच्या मिचमिचणाऱ्या डोळ्यांकडे पाहिलं. तिथं काही सापडेना. मग ती उठली आणि म्हणाली, “आधी जिन्यात जाऊन बघून येते.”