चुकीचा वापर

ऑफिसात तिला सगळे साखर म्हणत. गिझर बनवणाऱ्या कंपनीत ती तक्रारींचे फोन घ्यायची. कितीही तापलेलं गिऱ्हाईक असो, तिच्या दोन वाक्यांत निवायचं. खरं काम मात्र फोन ठेवल्यावर. साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "कारणाच्या रकान्यात एकच लिहायचं. चुकीचा वापर." मग गॅरंटी लागू होत नसे आणि मेकॅनिक पाठवावा लागत नसे. सुरुवातीला तिचा हात अडखळला, पुढे अंगवळणी पडलं.

सोडून जावं असं मनात यायचं. पण नवरा त्याच कंपनीच्या गोदामात, राहायची खोली कंपनीची, सासूबाईंचं औषधपाणी कंपनीच्या विम्यावर. जाणार कुठे?

अशात शाळेत शिवण शिकवणाऱ्या एका बाईंचा फोन आला. पाणी उकळलं तरी गिझर बंद होत नव्हता. "नोंद घेतलीये हं, मावशी, माणूस येईल," म्हणत साखरेने रकाना भरला. बाई चिवट, फोन करतच राहिल्या. शेवटच्या खेपेला म्हणाल्या, "आज नळातनं वाफ आली. सुनेचा हात कोपरापर्यंत भाजलाय. तुमचा माणूस येणार होता ना?"



बाई ग्राहक मंचात गेल्या. साहेबांनी टाइप केलेला कागद साखरेपुढे सरकवला. तपासणीत चुकीचा वापर आढळला, असा. "सही कर आणि तिथे येऊन गोड बोल. तुझ्या तर हातचा मळ आहे."

नवरा म्हणाला, "करून टाक. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

सासूबाई रात्रीची गोळी शोधत होत्या. तिने सही केली.

सुनावणीला ती सून समोरच बसली होती, पट्टी बांधलेला हात उशीवर ठेवून. मंचाच्या अध्यक्षांनी कागद वाचला आणि सहज विचारलं, "तपासणीला कोण गेलं होतं?"

साखरेने साहेबांकडे पाहिलं. साहेब हसून मान हलवत होते.

"कोणीच नाही," ती म्हणाली. "मी खुर्चीत बसून लिहिलं. सगळ्यांच्याच तक्रारींवर तेच लिहिते."

"आणि ही सही?"

"माझीच. पण कागद खोटा आहे."

निकाल बाईंच्या बाजूने लागला. त्या जातीचे सगळे गिझर परत घ्यायचा हुकूम झाला, आणि खोट्या कागदावर सही केल्याबद्दल साखरेलाही खरमरीत समज मिळाली. कंपनीने तिला काढलं नाही. मंचाची नजर होती. तिला तळघरातल्या जुन्या फायलींच्या खोलीत बसवलं. फोन नाही, काम नाही, खिडकी नाही. ओळखीच्या बायका जिन्यात भेटल्या की कडेने निघून जात.

नवऱ्याने महिनाभर अबोला धरला. मग एका रविवारी चपला घालत म्हणाला, "चल, कुठे खोली मिळते का बघू."

दिवसभर पायपीट झाली. भाडं कुठेच झेपण्यासारखं नव्हतं. परतल्यावर सासूबाईंनी दोघांना पाणी दिलं आणि विचारलं, "त्या पोरीचा हात कसा आहे गं आता?"

"बोटं हलायला लागलीत म्हणे," साखर म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशीचा डबा घासायला घेतला.