सासऱ्यांची रापी

कारखान्यात सगळे त्याला 'ठोक्या' म्हणत. यांत्रिक घणाखाली तापलेलं पोलाद घडवणं हे त्याचं काम, आणि बढाया मारण्यातही त्याचा हात कुणी धरला नसता.

सासरे त्याच्याकडेच राहत, चामड्याच्या पिशव्या शिवत. त्यांची चामडं कापायची रापी झिजली, तेव्हा घरच्यांदेखत हा म्हणाला, "मामा, टूल स्टीलची करून देतो. दगड कापाल!"

जेवणाच्या सुट्टीत उरकायचं म्हणून त्यानं तुकडा लालच्या पुढे पार पिवळाजर्द तापवला. मऊ पोलाद चार ठोक्यांत पसरलं. लगेच तेलात बुडवलं, धार लावली. तेलानंतर मंद आचेवर पोलादाचा ताठा थोडा उतरवावा लागतो, तेही टाळलं. कडकपणा मोजायच्या मशीनवर आकडा असा आला, की गडी दिवसभर कॉलर ताठ करून फिरला.

पहिल्याच कापाला रापी कट्‌कन मोडली आणि पातं सासऱ्यांच्या उजव्या अंगठ्यात घुसलं. त्यांची मुलगी धावत आली, तर ते म्हणाले, "माझ्याच हातून पडली गं. जावईबापूंचा काय दोष?"

ठोक्यानं तुकडा उचलला. मोडल्या जागी साखरेसारखे जाड दाणे चमकत होते. फाजील आचेनं पोलादाचे दाणे फुगले होते, आणि ते बारीक व्हावेत इतकं त्यानं ठोकलंच नव्हतं. कडक खरं, पण काचेसारखं ठिसूळ. नवशिक्याही करणार नाही अशी चूक! त्यात मामांनी आपल्यासाठी खोटं बोलावं, यानं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जेवताना मामा डाव्या हातानं घास घेत होते.

"पडली नव्हती ती," तो ताटाकडे बघत म्हणाला. "मीच घाई केली. आकडा बघून फुशारलो."

"ठाऊक आहे. मीठ सरकवा इकडे."

दुसरी रापी त्यानं रजा टाकून घडवली. बेताची आच, पुन्हा पुन्हा ठोके, शेवटचे ठोके लाली मंदावताना. मग तेल, मग मंद आच. सोबत तसाच घडवलेला एक तुकडा मोडून पाहिला, तर दाणे राखेसारखे बारीक. मशीनवरचा आकडा थोडा कमीच आला. तो त्यानं कुणाला सांगितला नाही.

मामांनी रापी चामड्यावर टेकवली, तोंड बाजूला वळवलं आणि डोळे मिटून दाब दिला. काप सुरेख आला. "छान झालीय हो," ते म्हणाले.

पुढे कित्येक महिने ते पहिला काप तसाच तोंड वळवून घेत. तेवढ्यापुरता ठोक्या खोलीबाहेर जाऊन उभा राही.