गंजाचे वैरी सिद्रामअण्णा

सिद्रामअण्णांनी पहिल्याच भेटीत माझी गाडी लाथ मारून पाडली. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका डाईंगमध्ये मी स्टोअरकीपर म्हणून नुकताच लागलो होतो. वडिलांची जुनी मोटरसायकल होती. ती पुसूनबिसून मी फाटकाच्या आत लिंबाखाली लावली, आणि वळतो न वळतो तोच मागे धाडकन आवाज झाला. उघड्या अंगाचा एक दांडगा माणूस, कोपरापर्यंत निळे हात, माझ्या आडव्या पडलेल्या गाडीवर पाय ठेवून उभा होता. त्यानं वाकून सायलेन्सर धरला, हिसका दिला आणि निम्मा सायलेन्सर तुटून त्याच्या हातात आला. त्याच तुकड्यानं माझ्या छातीवर ढोसत तो म्हणाला, "हे रस्त्यात पडलं असतं आन मागचा गडी गेला असता, तर त्याच्या घरी जाऊन काय सांगितलं असतंस?"

मला राग आला होता आणि भीतीही वाटत होती. खरं सांगायचं तर भीती जास्त. संध्याकाळी त्याच माणसानं कुठून तरी दुसरा सायलेन्सर पैदा केला, स्वतः बसवून दिला आणि मला चहा पाजला. चहा पाजतानाही शिव्या चालूच होत्या. मला ते कायम 'स्टोर' म्हणायचे. माझं नाव त्यांना माहीत होतं की नाही, देव जाणे.

अण्णा आमच्या डाईंगचे मुकादम. टॉवेलांचं आणि चादरींचं सूत तिथं रंगवायचे. सुतावर पक्का रंग बसवायचा तर हौदात पोत्यानं मीठ ओतावं लागतं, त्यामुळे आमच्याकडे मीठ सगळीकडे. फरशीवर, चपलांत, नखांत. दारांच्या बिजागऱ्या गंजून गळायच्या, मग गाड्यांची काय कथा? नवी कोरी गाडी दोन पावसाळ्यांत खालून तांबडी व्हायची. त्यातच कामगार येणार कुठून कुठून, भर उन्हात, वळवाच्या चिखलात, थंडीच्या पहाटे. म्हणून कुठली गाडी टिकते हा आमच्याकडे निवडणुकीपेक्षा तापणारा विषय होता. त्यावरून डोकी फुटलेली मी पाहिली आहेत, आणि फोडणारे बहुतेक वेळा अण्णाच असायचे.

कुणी गाडी घ्यायला निघाला की अण्णा सोबत. त्यांना बोलवावं लागत नसे आणि नको म्हणायची सोय नव्हती. शोरूममध्ये शिरले की ते थेट फरशीवर उताणे झोपून गाडीखाली सरकायचे. "वरनं सगळ्याच गाड्या चांगल्या असत्यात," ते खालून ओरडायचे, "खालनं बघ की." खिशात फुटक्या स्पीकरचं लोहचुंबक. ते जिथं चिकटेल ते लोखंड, म्हणजे त्यावर रंग कसा बसलाय ते नखानं खरवडून बघायचं. जिथं चिकटणार नाही तिथं खुशीत मान हलवायची. मग प्रत्येक सांध्यात बोट घालायचं. "पानी जितं थांबतंय, तितनं गाडी मरती," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. साखळीवर पूर्ण झाकण हवंच. चकचकीत क्रोमनं मढवलेले भाग दिसले की तिथंच थुंकल्यासारखं करायचे.

एकदा आमचा निंगाप्पा गाडी घेत होता. शोरूममधला तरुण विक्रेता हसून म्हणाला, "काका, आजकालच्या गाड्या गंजत नाहीत हो." अण्णा गाडीखालून उठले. त्यांनी किल्लीच्या टोकानं त्या नव्या गाडीच्या चासीवर वीतभर लांब ओरखडा काढला आणि म्हणाले, "आता हिला आमच्याकडं म्हैनाभर ठीव. न्हाय गंजली तर हितं येऊन तुजे पाय धरतो." विक्रेत्यानं त्यांचा हात पकडला. ती त्याची चूक झाली. अण्णांनी त्याला कॉलरला धरून उचललं आणि गाडीवर आदळलं. गाडी पलीकडच्या गाडीवर, ती पुढच्या गाडीवर, अशी अख्खी रांग आडवी झाली आणि त्या पोराच्या नाकातून रक्ताची धार लागली. रखवालदारांनी आम्हाला ढकलून रस्त्यावर आणलं. अण्णांचा शर्ट फाटला होता, ओठ फुटला होता. पण निंगाप्पाला ते अगदी शांतपणे म्हणाले, "ती निळी नगं. पलीकडली घे. तिचा चिमटा जाड हाय."

चिमटा म्हणजे मागचं चाक दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारा, दोन फाट्यांचा लोखंडी दांडा. अण्णांचं सगळं आयुष्य त्या चिमट्यात अडकलेलं होतं, हे मला पुढं निंगाप्पाकडून कळलं. अण्णांचा धाकटा भाऊ मल्लू याच डाईंगमध्ये कामाला होता. त्याची मोटरसायकल अण्णांनीच पसंत केलेली, लाल, चकचकीत. एका पावसात दोघे भाऊ दोन गाड्यांवरून घरी निघाले, मल्लू पुढे, अण्णा मागे. अक्कलकोट रोडवर मल्लूच्या गाडीचा चिमटा मुळातून मोडला, चाक आडवं झालं आणि मागून आलेला ट्रक त्याच्या अंगावरून गेला. अण्णांनी भावाला स्वतःच्या धोतरात गोळा केलं. हे सांगताना निंगाप्पानं हातांनी दाखवलं होतं, ते मी इथं लिहीत नाही.

रक्त न धुताच अण्णा त्या संध्याकाळी जब्बारभाईच्या गॅरेजात गेले. चारच दिवसांपूर्वी जब्बारभाईनं मल्लूच्या गाडीची सर्व्हिसिंग केली होती आणि गाडी चांगली आहे म्हणून सांगितलं होतं. अण्णांनी त्याचा उजवा हात लोखंडी ठोकळ्यावर दाबून धरला आणि त्याच्याच हातोड्यानं ठेचला. जब्बारभाई पोलिसांत गेला नाही. दुसऱ्या दिवशी मल्लूच्या मातीला तो हाताला फडकं गुंडाळून आला आणि लांब उभा राहिला. पुढं त्याचं गॅरेज बंद पडलं. दोन बोटं कायमची ताठ राहिली, मग तो नाक्यावर पंक्चर काढू लागला. अण्णा त्या नाक्यावरून जाताना मान दुसरीकडे वळवायचे.

मल्लूची मुलगी भाग्यश्री तेव्हा मांडीवरची होती. अण्णांना स्वतःचं मूलबाळ नव्हतं. भागीला त्यांनी वाढवलं, शिकवलं, आणि तिला मोहोळच्या एका दवाखान्यात नर्सची नोकरी लागली तेव्हा ते डाईंगभर पेढे वाटत फिरले. पेढा नको म्हणणाऱ्याला थोबाडीत बसायची. पण नोकरी मोहोळला, म्हणजे रोजचा हायवे, उसाच्या ट्रॉल्या, पाऊस, आणि कधी कामाची पाळी संपवून उशिरानं परतणं. भागी रोज धड घरी यावी, यापलीकडे अण्णांना आयुष्यात काही नको होतं. स्कूटी नको, तिची चाकं खड्ड्यात बसतात, म्हणून मोटरसायकल ठरली. तिच्यासाठी ते सोलापुरातल्या झाडून सगळ्या शोरूमच्या फरशांवर झोपले. शेवटी घेतली ती काळी, बोजड, साधी गाडी. मडगार्ड फायबरचे, साखळी पूर्ण झाकलेली, चिमटा मनगटाएवढा. "हिला गंज लागला तर मी मिशा काढीन," अण्णा म्हणाले होते.

आणि ती गाडी ते जपायचे कशी? दर रविवारी डाईंगवर आणून धुवायचे. आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. घरी गाडी धुवायला पाणी कुठलं? पण डाईंगच्या मागच्या भिंतीतून एक पाईप निघत होता आणि दुपारी त्यातून तासभर स्वच्छ पाणी धो धो वाहायचं. सगळे कामगार गाड्या तिथंच धुवायचे, मीही धुवायचो. वाळल्यावर पांढरे डाग राहत, ते बोअरचं पाणी जड म्हणून, असं आम्ही समजत होतो. अण्णा भागीची गाडी आडवी पाडून, पाईप सांध्यासांध्यात घालून धुवायचे, मग पुसायचे, आणि दर दिवाळीला खालून काळा रंग मारायचे. तेवढा एक तास त्यांच्या तोंडून शिवी यायची नाही.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. भागी गाडी न्यायला चालत डाईंगवर आली. ऊन असं की डांबर चपलांना चिकटत होतं. अण्णा नुकतीच गाडी धुवून पाईप हातात धरून उभे होते. भागीनं त्यांच्या हाताखाली ओंजळ धरली, पाणी तोंडात घेतलं आणि लगेच थुंकलं.

"काका, खारट हाय की."

"काय?"

"पानी. मिठागत लागतंय."

अण्णांनी आपला तळवा चाटला. मग दुसरा चाटला. आमच्यापैकी कुणीही त्या पाण्याची चव कधी घेतली नव्हती. रंगाच्या हौदाला जड पाणी चालत नाही, म्हणून बोअरचं पाणी आधी एका मोठ्या टाकीतून मऊ करून घेतात आणि ती टाकी रोज दुपारी मिठाच्या पाण्यानं धुवून काढतात. ते धुवण मागच्या पाईपनं बाहेर पडत होतं. पाणी सांभाळणारा वेगळा आणि गाड्या धुणारे वेगळे, त्यामुळे हे जुळवून बघायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

अण्णा खाली बसले. हातोडी घेऊन त्यांनी चिमट्याच्या मुळाशी ठोकलं. आवाज बद्द आला. दुसऱ्या ठोक्याला काळ्या रंगाचा पापुद्रा फुटला आणि हातोडीचं टोक आत गेलं. आतून तांबडा भुगा मातीसारखा गळायला लागला. भागी याच गाडीवर आदल्या दिवशी मोहोळहून आली होती.

"मल्लूची बी हितंच धूत हुतो," अण्णा म्हणाले. "मीच धूत हुतो. दर रविवारी."

पुढं जे झालं ते मला अजूनही नीट आठवायला नको वाटतं. त्यांनी शेडमधला घण आणला आणि गाडी फोडायला सुरुवात केली. टाकी, इंजिन, चाकं. निंगाप्पा धरायला गेला तर त्याच्या खांद्यावर दांडा बसला आणि तो कोसळला. मग पाईप, मग भिंत. विटांचे तुकडे उडत होते, खारट पाण्यात अण्णांच्या कपाळाचं रक्त मिसळत होतं, आणि ते एकसारखे मल्लूला हाका मारत होते. आम्ही सात-आठ जणांनी मिळून त्यांना खाली पाडलं. भागी जागची हलली नव्हती. वडिलांना गाडीनं मारलं, मिस्त्रीनं मारलं, असंच तिनं जन्मभर ऐकलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी मला निरोप पाठवला. मी त्यांना माझ्या गाडीवर बसवून नाक्यावर नेलं. भागी रिक्षानं मागोमाग आली, तिला कुणी बोलावलं नव्हतं. जब्बारभाई ट्यूब घासत बसला होता. अण्णा त्याच्यासमोर उकिडवे बसले.

"जब्बार, गाडी तू न्हाय बिगडवलीस. मी मिठाच्या पान्यानं धुतली. तुजा हात मी फुकट मोडला." एवढं बोलून त्यांनी आपला उजवा हात त्याच्या लोखंडी ठोकळ्यावर ठेवला. "मार."

जब्बारभाईनं ट्यूब पुरी घासली, ठिगळ लावलं, मग मान वर केली. "हटाव हात, अण्णा. मेरेकू भूलने को बहोत सालां लगे. तुम फिर कायकू याद दिलाने आये?"

अण्णांनी हात हलवला नाही. मला वाटलं, आता दोघे गळ्यात पडतील. जब्बारभाईनं डाव्या हातानं हातोडा उचलला आणि मारला. एकदाच, पण सगळ्या जोरानं. हाडं मोडल्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. अण्णांच्या तोंडून हुं की चूं निघालं नाही. रडला तो जब्बारभाई, आणि रडत रडतच त्यानं स्वतःच्या खांद्यावरचं फडकं त्या हाताला गुंडाळलं.

दवाखान्यात प्लास्टर चढेपर्यंत भागी शेजारी उभी होती. नर्सच ती, मदतही करत होती. सगळं झाल्यावर ती म्हणाली, "काका, हितनं पुढं माज्या गाडीला तुमी हात लावायचा न्हाय."

"व्हय," अण्णा म्हणाले. त्यांनी एवढं पडतं घेतलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

भागीनं नवी गाडी एकटीनं जाऊन घेतली. आता ती मोहोळलाच खोली करून राहते. रविवारी अण्णांना भेटायला येते, डबा आणते, हाताला मालिश करते. प्रेम कमी झालंय असं मी म्हणणार नाही, पण गाडीचा विषय निघाला की ती उठून आत जाते. अण्णांनी काम सोडलं. रविवारी ते उंबऱ्यावर बसतात आणि दारात उभ्या असलेल्या त्या चिखलानं भरलेल्या गाडीकडे बघत राहतात. कुणावर ओरडत नाहीत. मला ते बघवत नाही.

मागच्या रविवारी मी गेलो होतो. भागी आत भाकऱ्या करत होती. अण्णांनी मला खुणेनं जवळ बोलावलं आणि अगदी हळू म्हणाले, "स्टोर, साखळी कोरडी पडलीया तिची. येताना आवाज आला. तेल घाल जरा." मी तेल आणायला उठलो तशी त्यांनी मोडक्या हातानं माझी बाही धरली. "मी सांगितलं म्हनून सांगू नगंस."